निळा आम्ही वर काढला

सिडनीच्या टूनगॅबी उपनगरातल्या भीमजयंतीच्या मिरवणुकीत एक घोषणा होते, जी नागपुरात होत नाही, मुंबईत होत नाही, जगाच्या पाठीवर कुठेच होत नाही. "बाबासाहेबांचा" म्हटलं की मागून "विजय असो" येतं, "तथागत बुद्धांचा" म्हटलं की "विजय असो" येतं, आणि मग पुढचा माणूस मानेच्या शिरा ताणून ओरडतो, "मर्डेका!" लगेच सगळे, प्रॅम ढकलणाऱ्या आया, साउंड सिस्टीमवाली पोरं, गुडघ्याला पट्टा बांधलेले काका, एका दमात ओरडतात, "विजय असो!" दरवर्षी इंडियातून नवीन आलेलं युनिव्हर्सिटीचं एखादं पोरगं माझ्याजवळ सरकतं आणि हळूच विचारतं, "ताई, हे मर्डेका कोण?" मी म्हणते, "कोण नाही रे राजा, काय. इंडोनेशियन शब्द आहे, मर्डेका म्हणजे स्वातंत्र्य." "मग आपल्या जयंतीत कसा आला?" झालं! तिथून जी माझी गाडी सुटते ती थांबत नाही, आणि त्या बिचाऱ्याच्या ताटातली पुरी गार होते. गेल्या खेपेला माझी लेक वैतागली. "मम, प्लीज, जस्ट राइट इट डाउन!" म्हटलं ठीक आहे, पन्नाशी उलटली, एकदा लिहूनच टाकू.

तेव्हा मी शाळेत होते. आमचं घर विटांचं, बुटकं, मागे हे एवढं मोठं अंगण. वरळीच्या एका खोलीतून आलेल्या आईला सुरुवातीला त्या अंगणाची भीतीच वाटायची, एवढ्या जागेचं माणसाने करायचं काय म्हणून. पप्पा पॅरामॅटाच्या एका सरकारी ऑफिसात नकाशे काढायचे, आई म्हाताऱ्यांच्या नर्सिंग होममध्ये शिफ्ट करायची. डाव्या कुंपणापलीकडे पाक स्लामेत राहायचे. 'पाक' म्हणजे त्यांच्यात आपल्या 'काका'सारखं. मूळचे इंडोनेशियाचे, इथल्या शाळेत आयुष्यभर त्यांची भाषा शिकवून रिटायर झालेले, किरकोळ, टापटीप, डोक्यावर काळी टोपी. मास्तर म्हटल्यावर आई त्यांना सरळ 'गुरुजी' म्हणायला लागली आणि त्यांनाही ते भारी आवडलं. उजव्या कुंपणापलीकडे हेंक नावाचा डच सुतार. तरुणपणी जहाजाने इथे आलेला, ताडमाड उंच, बारा महिने आखूड चड्डी. मी त्यांना हेंककाका म्हणायचे. आजोबा वरळीला, इकडे आजोबांची जागा हेंककाकांनीच भरली होती. माझी सायकल त्यांनी दुरुस्त करायची, माझं गणित त्यांनी चुकवायचं.

आता गंमत बघा. इंडोनेशियावर डच लोकांचं राज्य होतं, आपल्यावर इंग्रजांचं होतं तसं. मोठं महायुद्ध संपलं आणि तिथल्या लोकांनी जाहीर करून टाकलं, आम्ही आता प्रजासत्ताक. डच म्हणाले, असं कसं, आणि बंदुका घेऊन परत आले. चार वर्षं लढाई झाली, शेवटी डचांना गाशा गुंडाळावा लागला. त्या लढाईत गुरुजी बांबूचे भाले घेऊन लढणाऱ्या शाळकरी पोरांच्या फौजेत होते, आणि हेंककाका सक्तीने भरती करून, जहाजात घालून तिकडे पाठवलेल्या डच शिपायांत. आणि एवढी मोठी पृथ्वी पडलेली असताना या दोघांना म्हातारपणी घरं मिळाली ती कुठे, तर एक घर सोडून! ते मधलं घर आमचं. दोघं एकमेकांशी अवाक्षर बोलायचे नाहीत. एकाने कचऱ्याचा डबा रस्त्यावर न्यायला काढला की दुसरा पडद्याआड उभा राहून तो आत जायची वाट बघायचा. पप्पा म्हणायचे, "आपण अलिप्त राष्ट्र. चहा दोघांकडचा प्यायचा, मत कुणालाच द्यायचं नाही."

तरी आमच्या घराने दोघांना नकळत एका गोष्टीत बांधून ठेवलं होतं, ती म्हणजे सुके बोंबील. आई रविवारी तव्यावर बोंबील भाजायची, मग लसूण, लाल मिरची, खोबरं घालून पाट्यावर ठेचायची. हो, पाटा-वरवंटा विमानातून आणला होता, एअरपोर्टवरच्या माणसाने तो दगड हातात घेऊन तीनदा विचारलं, "बट व्हाय?" बोंबलाचा तो वास सुटला की अख्खी गल्ली खिडक्या लावून घ्यायची. समोरच्या बाईने एकदा गॅस गळतोय समजून फोन केला आणि बंबवाले येऊन चटणी चाखून गेले. पण आमच्या दोन्ही कुंपणांवर मात्र दोन डोकी उगवायची. गुरुजी डोळे मिटून म्हणायचे, "माझ्या आईचं स्वयंपाकघर." हेंककाका नाक वर करून म्हणायचे, "जावा." बास, एवढंच. आई दोन बरण्या भरायची, मी एक डावीकडे, एक उजवीकडे द्यायची, आणि आईची ताकीद असायची की याचं त्याला बोलायचं नाही. दोघांनाही वाटायचं, ही चटणी खास आपल्यासाठी होते. मी आजही बोंबील भाजताना आधी डावीकडे बघते, मग उजवीकडे. आता दोन्ही बाजूंना टाउनहाउसं झाली आहेत, कुंपणावर कोणी उगवत नाही.

ती लढाई मी दोन्ही बाजूंनी ऐकली. दोघं माझ्याशी इंग्रजीत बोलायचे, मी आपली माझ्या मराठीत सांगते. हेंककाका शेडमध्ये रंधा मारता मारता सांगायचे आणि लढाईला लढाई म्हणायचे नाहीत, 'पोलीस ॲक्शन' म्हणायचे. "वीस वर्षांचा होतो, पोरी. सायकल चालवता यायची, एवढंच काय ते कौशल्य. तिकडे रबराच्या बागेत आमची चौकी. अंधार पडला की झाडांमागून कोणीतरी ओरडायचं, मर्डेका! मग दुसऱ्या बाजूने दुसरं कोणी, मर्डेका! गोळी नाही, काही नाही, नुसता शब्द. मी हेल्मेट कानांवर ओढून बसायचो. मारायला आले असते तर परवडलं असतं. ते नुसतं सांगत होते." एवढं बोलून ते पुन्हा रंधा मारायला लागायचे आणि मला भुशाचा ढीग झाडायला लावायचे.

गुरुजींकडे मात्र तोच मामला म्हणजे अगदी पोवाडा. व्हरांड्यात बसून, गोड मिट्ट चहा पीत. त्यांची लाडकी गोष्ट झेंड्याची. डच झेंडा लाल, पांढरा, निळा, आडव्या पट्ट्यांचा. एका शहरात डचांनी तो हॉटेलच्या गच्चीवर चढवला. पोरं भिंतीवरून वर चढली, खालची निळी पट्टी टर्रकन फाडून फेकली, आणि जे उरलं, लाल-पांढरं, तोच प्रजासत्ताकाचा झेंडा! मी पहिल्यांदा विचारलं, "गुरुजी, तुम्ही वर होतात?" म्हणाले, "खाली, गर्दीत." पुढच्या खेपेला ते शिडी धरून होते. त्यानंतर शिडीवर. माझी बारावी होईपर्यंत ते गच्चीवर पोचले असते, पण मध्येच आमची जयंती आली.

त्या वर्षी आमचे आजोबा वरळीला वारले. वस्तीतल्या जयंतीच्या मिरवणुकीत निळा झेंडा घेऊन सगळ्यांत पुढे चालायचे ते आजोबा. पप्पांना रजा आणि विमान मिळेपर्यंत तिकडे सगळं उरकलं होतं. परत आल्यावर बरेच दिवस हा माणूस नुसता अंगणात उभा राहायचा. मग एक दिवस आईला म्हणाला, "यंदा इथे मिरवणूक काढायची. बाबांची मिरवणूक बंद पडता कामा नये." आईने विचारलं, "इथे? आपण मोजून दहा-बारा घरं!" "दहा-बारा तर दहा-बारा." मग काय विचारता! पप्पांना नुसता उत्साह चढला. कौन्सिलची परवानगी आणली, पार्कला वळसा घालून कम्युनिटी हॉलपर्यंत. बाबासाहेबांची मोठी तसबीर ठेवायला रथ हवा, तर हेंककाका म्हणाले, "नो वरीज, माझी यूट आणि ट्रेलर घ्या, गाडी मीच चालवतो." यूट म्हणजे इथली मागे उघडा हौदा असलेली मोटार. झेंड्यांना काठ्या हव्यात, तर गुरुजींच्या मागच्या अंगणात बांबूचं बेट होतं. गुरुजींनी स्वतः कोयता घेऊन बांबू तोडले आणि सवयीने प्रत्येकाचं टोक तासून भाल्यासारखं अणकुचीदार करून दिलं. पप्पा म्हणाले, "गुरुजी, मिरवणूक आहे, मोहीम नाही," आणि बसले करवतीने टोकं कापत. ट्रेलर कोणाचा हे गुरुजींना सांगितलं नव्हतं, बांबू कोणाचे हे हेंककाकांना सांगितलं नव्हतं. अलिप्त राष्ट्राचं धोरण! शिवाय पप्पांनी हेंककाकांची तालीम घेतली. "मी ओरडून थांबलो की तू म्हणायचं, विजय असो. काय ओरडलो याची काळजी करायची नाही." हेंककाका शेडमध्ये खिळे ठोकता ठोकता घोकायचे, "व्हिजे आसो, व्हिजे आसो." मी हसून हसून भुशात लोळायचे.

जयंतीचा रविवार नेमका ईस्टरचा आला. निळे झेंडे मामा मुंबईहून घेऊन येणार होता. मामा सिडनीला उतरला आणि झेंड्यांची बॅग गेली पर्थला. हे कळलं गुड फ्रायडेला सकाळी, म्हणजे गावातलं एक दुकान उघडं नाही. आणि बायका जमलेल्या त्याच दिवशी, कारण दुसऱ्या दिवशी निम्म्या जणींना शिफ्ट. मशीन तयार, दोरा तयार, पांढरी अशोकचक्रं मी कापून ठेवतेय, आणि निळा रंग नावाला नाही! पप्पांचं तोंड एवढंस्सं झालं. मग आईला आठवलं, हेंककाका म्हणाले होते, शेडमध्ये खोक्यात जुनं कापड आहे, ट्रेलर सजवायला लागेल ते न्या. स्वतः ते पहाटेच गळ घेऊन मासे धरायला गेलेले. शेडमध्ये खोकी निघाली दोन. एकात रंगाचे डाग पडलेल्या चादरी, ज्या त्यांना अभिप्रेत होत्या. दुसऱ्यात चांगलं जाडजूड सुती कापड, लाल, पांढरा, निळा. आमच्या माणसांना कुठलेही तीन रंग दाखवा, आधी निळाच दिसणार. आई म्हणाली, "हे फुटीच्या टीमचे झेंडे दिसतायत." फुटी म्हणजे इथला फुटबॉल, रग्बीच्या जातीचा. दुसरी म्हणाली, "हो गं, तीच टीम. सारखी हरतेय म्हणून टाकून दिले असतील." आई म्हणाली, "मग फाडा!"

मी आतल्या खोलीत चक्रं कापत होते. मला नुसतं ऐकू येत होतं, गराजमधून टर्र, टर्र, आणि प्रत्येक टर्रमागे बायकांचं खिदळणं. कोणीतरी जयंतीचं गाणं धरलं होतं, त्याच्या ठेक्यावर फाडाफाडी चालली होती. मग कापडाला डांबरगोळ्यांचा वास येतोय म्हणून सगळं धुवून काढलं. निळं तेवढं ड्रायरमध्ये घालून मशीनखाली गेलं. उरलेलं लाल-पांढरं? माझी आई आयुष्यात चिंधी फेकणार नाही. "उशांचे अभ्रे होतील," म्हणाली आणि बाहेर दोरीवर वाळत घातलं. दोरी म्हणजे इथली प्रत्येक अंगणात असायची ती, मध्ये खांब आणि वर छत्रीच्या काड्यांसारखी गोल फिरणारी. आरवोला, म्हणजे दुपारी, मी चहाचा कप घेऊन मागच्या दारात आले आणि तशीच उभी राहिले. वारा मस्त सुटला होता, आणि आमच्या अंगणात इंडोनेशियाचे वीसेक राष्ट्रध्वज गरागरा फिरत होते.

"आई! उतरव ते! आधी उतरव!"

"अगं ओले आहेत."

"आई, ते फुटीचे नाहीत! ते डच झेंडे होते, आणि तू त्यांचा निळा फाडलास!"

"बरं मग? निळाच तर हवा होता."

तेवढ्यात डावीकडून कसलासा आवाज आला. गुरुजी लुंगी नेसून कुंपणाशी उभे होते, तोंड उघडं. तसेच आत गेले, आणि बाहेर आले ते इस्त्रीचा शर्ट, काळी टोपी, छातीवर बिल्ला लावून. टाच जुळवून ताठ उभे राहिले आणि त्यांचं राष्ट्रगीत म्हणायला लागले. गालांवरून घळाघळा पाणी. मधल्या एका ओळीनंतर थांबून मला म्हणाले, "यशोधरा, हे तुम्ही माझ्यासाठी केलंत!" आता काय सांगणार, कप्पाळ? मी मान हलवली, ती हो अशी हलली की नाही अशी, मलाच कळलं नाही. आणि तेव्हाच उजवीकडच्या कुंपणावर हेंककाकांचं डोकं उगवलं. उन्हाने लाल झालेलं, एका हातात मासा. त्यांनी दोरीकडे बघितलं. फिरून पुन्हा बघितलं. डच क्लब बंद पडला तेव्हा तिथले झेंडे त्यांनी घरी आणून जपून ठेवले होते, राणीच्या वाढदिवसाला लावायचे, हे आम्हाला नंतर कळलं.

पुढचं युद्ध फार मोठं नव्हतं पण आवाजाला कमी नव्हतं. हेंककाकांनी गवत कापायचं मशीन सुरू केलं आणि कुंपणाला लावून घरघरत ठेवलं. गुरुजींनी राष्ट्रगीत पहिल्यापासून धरलं, आणखी वरच्या पट्टीत. हेंककाकांनी पाण्याचा पाइप सोडला, फवारा आमच्या अख्ख्या अंगणावरून प्रजासत्ताकाच्या टोपीवर. गुरुजींनी कोपऱ्यातला बांबू उचलला, टोक न कापलेला, तो कुंपणावरून दिसताच हेंककाका खरंच दोन पावलं मागे सरले. मध्ये ओली चिंब आई, एका खांद्यावर निळं कापड, "ओ भाऊ! ओ गुरुजी! स्टॉप! स्टॉप म्हणते ना!" आणि मी, देवाशप्पथ म्हणायची आमच्यात पद्धत नाही, पण खरं सांगते, मी एवढी हसत होते की मला उभं राहता येईना. मशीन बंद झालं तेव्हा मात्र हेंककाकांचा आवाज कापत होता. "ट्रेलर विसरा," ते आवाज ऐकून बाहेर आलेल्या पप्पांना म्हणाले. "ट्रेलर?" गुरुजी ओरडले. "म्हणजे माझे बांबू याच्या गाडीवर लागणार होते? मग बांबूही विसरा!" दोन्हीकडची दारं धाडधाड लागली. पप्पा मागच्या पायरीवर बसले, हातात करवत तशीच. म्हणाले, "यशू, सगळ्यांना बोलावून बसलोय. बाबांची मिरवणूक माझ्याच हातून बंद पडली बघ." आणि डोळे पुसायला लागले. माझं हसू तिथल्या तिथे विरलं. पप्पांना रडताना मी तोपर्यंत बघितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आईने शिफ्टला आजारी असल्याचा फोन केला. पदर खोचला, अहो, पदर कसला, ट्रॅकपँट वर ओढली, आणि घरात होते तेवढे सगळे बोंबील तव्यावर टाकले. खिडक्या सताड उघड्या, पंखा बाहेरच्या दिशेने. गल्लीतली दारं पटापट बंद झाली. आणि थोड्या वेळाने, रागाला न जुमानता, दोन डोकी दोन कुंपणांवर आली. आई खिडकीतूनच ओरडली, "कम! बोथ! फ्रंट डोअर!" नर्सिंग होममध्ये नव्वदीच्या म्हाताऱ्यांना औषधं पाजणारा आवाज तो, त्याला नाही म्हणायची कोणाची छाती नव्हती. आमचं जेवणाचं टेबल गोल होतं. पप्पांच्या ते लक्षात आलं आणि त्या अवस्थेतही त्यांचा चेहरा जरा उजळला. "गोलमेज परिषद," ते माझ्या कानात म्हणाले.

आईने दोन बरण्या टेबलावर ठेवल्या. "ही तुमची, ही तुमची. चटणी एकच. इतकी वर्षं तुम्ही दोघं एकच चटणी खाताय." दोघांनी आधी आपल्या बरणीकडे, मग दुसऱ्याच्या बरणीकडे पाहिलं. फसवल्यासारखी तोंडं झाली होती. हेंककाका म्हणाले, "प्रश्न चटणीचा नाही. तुम्ही माझा झेंडा फाडलात. त्या निळ्यासकटच्या झेंड्याखाली मला जहाजात घातलं होतं. माझे दोन मित्र तिकडेच राहिले." गुरुजी टेबलाकडे बघत म्हणाले, "माझा मोठा भाऊ राहिला." मला वाटलं, झालं, उठतात आता.

आई भाकरी वाढता वाढता बोलायला लागली, तिच्या त्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत, अडलं की माझ्याकडे बघायची, मी शब्द द्यायचे. "आम्हाला माहीत नव्हतं तो कुणाचा झेंडा. चुकलं, माफ करा. पण हेंकभाऊ, निळा रंग म्हणजे आमचं काय आहे, सांगू? आमच्या सासऱ्यांच्या बापाला गावच्या विहिरीवर पाणी भरू द्यायचे नाहीत. आमच्या बाबासाहेबांनी निळा झेंडा हातात दिला आणि म्हणाले, चला. त्या झेंड्याखाली हा," पप्पांकडे बोट, "शाळेत गेला. ह्याचा बाप तो झेंडा घेऊन पुढे चालायचा. बाप गेला, ह्याला शेवटचं तोंड बघता आलं नाही. उद्या त्याला तो झेंडा घेऊन चालायचंय, एवढंच. तुमच्या झेंड्यात निळा कुठे होता? सगळ्यांत खाली ना? आम्ही त्याला वर काढला. यात एवढं रागावण्यासारखं काय आहे?"

हेंककाका भाकरीकडे बघत राहिले. मग त्यांचे खांदे हलायला लागले, मला वाटलं रडतायत, तर ते हसत होते. "खाली होता," ते म्हणाले. "खरंय. अगदी खाली." गुरुजींनीही टोपी काढून टेबलावर ठेवली. पण प्रजासत्ताक ते प्रजासत्ताक, त्यांनी अट घातलीच: त्या गाडीवर लाल-पांढरा लागला पाहिजे. हेंककाका म्हणाले, लागू दे, पण मग निळाही त्याच गाडीवर. गुरुजी म्हणाले, चालेल, पण दोघांनी एकमेकांना शिवायचं नाही. हेंककाकांनी खिशातून मोजपट्टी काढली. बाबासाहेबांची तसबीर मध्ये, पुढच्या कोपऱ्यावर लाल-पांढरा, मागच्या कोपऱ्यावर निळा, हातभराहून जास्त अंतर. हा तह बोंबलाच्या चटणीच्या साक्षीने पार पडला, आणि जाताना दोघंही आपापली बरणी विसरले नाहीत.

रविवारी हेंककाका फुल पँट घालून आले, आम्ही ओळखलंच नाही. मिरवणूक निघाली. आमची दहा-बारा घरं, पांढरे कपडे, निळ्या ओढण्या, ढोल नव्हता म्हणून मामाने प्लास्टिकचा डबा गळ्यात अडकवलेला. सगळ्यांत पुढे पप्पा, आजोबांसारखा झेंडा खांद्याला लावून. त्यांच्यामागे हेंककाकांची यूट, मागे ट्रेलरवर झेंडूंत बसलेले बाबासाहेब, आणि ट्रेलरच्या बाजूने चालणारे गुरुजी, त्यांचा एक डोळा सारखा त्या मधल्या अंतरावर. कुत्री फिरवायला आलेले लोक थांबून हात हलवत होते, "हॅपी ईस्टर!" आम्ही म्हणत होतो, "जय भीम!" सगळं कसं झोकात चाललं होतं. आणि पार्कच्या वळणावर वारा फिरला. मागचा निळा झेंडा फडकन पुढे आला, तसबिरीवरून गेला आणि लाल-पांढऱ्याच्या काठीला गुंडाळला गेला, नेमका पांढऱ्याच्या खाली. लाल, पांढरा, निळा. अख्खा डच झेंडा, बाबासाहेबांच्या डोक्यावर!

गाडी थांबली. हेंककाकांना आरशात दिसलं होतं. गुरुजींनी हात वर नेला, पण मध्येच थांबवला, आणि ते नुसते उभे राहिले. हेंककाका खाली उतरले, ट्रेलरपाशी आले आणि मान वर करून बघत राहिले. ज्या झेंड्याखाली त्यांना वीस वर्षांचं पोर असताना पाठवलं होतं, तो पुन्हा पुरा त्यांच्यासमोर होता, आणि त्यांना काहीच करायची गरज नव्हती, वाऱ्यानेच केलं होतं. मग त्यांनी ते मोठे सुताराचे हात वर नेले, निळ्याचं टोक काठीवरून हळूहळू सोडवलं, लाल-पांढऱ्याला सुरकुती पडली होती ती तळव्याने सारखी केली, आणि निळा मागच्या काठीला नेऊन पक्का बांधला. गुरुजींजवळ येऊन म्हणाले, "देअर यू गो, मेट. तुमचा वेगळा आहे." भांडण आणि तहाच्या अटी सोडल्या, तर एवढ्या वर्षांतलं ते पहिलं वाक्य. गुरुजींनी मान डोलावली.

हेंककाका परत गाडीत जाऊन बसले. पप्पांनी पुढून हाक दिली, "बाबासाहेबांचा!" "विजय असो!" "तथागत बुद्धांचा!" "विजय असो!" आणि पप्पा श्वास घ्यायला थांबले तेवढ्यात गुरुजी पुढे झाले. त्यांनी मूठ वर केली आणि त्या किरकोळ देहातून असा आवाज काढला की पार्कातले काकाकुवे उडाले.

"मर्डेका!"

आमच्या माणसांना कुठे काय माहीत! कोणीतरी मोठी व्यक्ती असणार, आपल्याला काय, सवयीने सगळे ओरडले, "विजय असो!" पण त्या सगळ्यांच्या वर, यूटच्या उघड्या खिडकीतून, एक जाडाभरडा आवाज आला, "व्हिजे आसो!" आणि मर्डेका या शब्दाचा अर्थ त्या मिरवणुकीत तिघांनाच ठाऊक होता: मला, गुरुजींना, आणि गाडी चालवणाऱ्या माणसाला.